वाचवलेलं युनिट जातं कुठे?

साशंक : दरवर्षी १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो. शाळांमध्ये चित्रकला स्पर्धा होतात, कार्यालयांत शपथा घेतल्या जातात आणि ‘खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा’ हा उपदेश पुन्हा एकदा घरोघरी पोचतो. बचत वाईट, असं मी म्हणत नाही. मला खटकतो तो या उपदेशाचा पत्ता. भारतात विजेचा दरडोई वापर वर्षाला सुमारे १४०० युनिट आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. आणि त्यातही कारखाने, रेल्वे, शेतीपंप सगळे मोजलेले आहेत. दोन पंखे, चार दिवे आणि एक टीव्ही यांवर भागवणाऱ्या घराला काटकसर शिकवणं म्हणजे ज्याच्या ताटात आधीच कमी पडलंय त्याला उपासाचं माहात्म्य सांगणं आहे. शिवाय सांगितल्या जाणाऱ्या युक्त्या तरी केवढ्या? मोबाइलचा चार्जर बोर्डाला तसाच लावून ठेवला, तर वर्षभरात जेमतेम एक-दोन युनिट जातात. तेवढ्यासाठी माणसाने रोज पहारा करायचा, विसरला तर अपराधी वाटून घ्यायचं, आणि वीज कुठे तयार व्हावी, कुणाला मिळावी, कोणत्या दराने मिळावी हे निर्णय मात्र त्याला न विचारता होत राहायचे. घराला जबाबदारी देऊन व्यवस्थेला मोकळं करण्याचा हा मार्ग आहे, अशी माझी शंका आहे.

आग्रही : चार्जरचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. बचतीच्या प्रचाराने स्वतःचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच करून घेतलंय, लहान-मोठं न निवडता सगळं एकाच तागडीत टाकून. घरातली वीज मुख्यतः तीन ठिकाणी जाते : काही तापवायला, काही गार करायला आणि जे तासन्‌तास चालू राहतं त्याला. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं; तेवढ्यात नऊ वॅटचा एलईडी दिवा पन्नास तास चालतो. जुन्या धाटणीचा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. रोज सरासरी बारा तास धरले, तर एका पंख्यामागे वर्षाला सुमारे २०० युनिटचा फरक पडतो. हे २०० युनिट मीटरपाशी मोजले तर लहान वाटतात, म्हणून ते तारेच्या दुसऱ्या टोकाला मोजायला हवेत. औष्णिक केंद्रात कोळशातली जवळजवळ दोन तृतीयांश उष्णता विजेत उतरतच नाही. तयार झालेल्या विजेतले सहा-आठ टक्के केंद्राची स्वतःची यंत्रं खातात, आणि वहन-वितरणात देशाच्या सरासरीने सहावा-सातवा हिस्सा गळतो. कोळशातल्या शंभर भागांपैकी आपल्या दारापर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस भाग पोचतात. म्हणून घरात वाचलेल्या २०० युनिटमागे दीडशे किलोंहून अधिक कोळसा आणि पन्नासेक किलो राख वाचते. पाण्याचंही तसंच. २०१५ च्या केंद्रीय नियमाने जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरची मर्यादा घातली. त्या हिशेबाने हा एक पंखा वर्षाला आठशे लिटरपर्यंत पाणी राखतो. महाराष्ट्रात ही गोष्ट कागदावरची नाही. परळीचं वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं तेव्हा चंद्रपूरचे संच थांबवावे लागले. ज्या प्रदेशात माणसांना टँकरने पाणी द्यावं लागतं, तिथल्याच धरणातून आपल्या पंख्याचाही वाटा जातो.

साशंक : साखळी तुम्ही नीट मांडलीत, पण तिच्यात एक गृहीत दडलंय : मी इथे वाचवलं की तिथे तेवढा कोळसा जळायचा थांबतो. वीज व्यवहार इतका सरळ चालत नाही. वितरण कंपनीने वीजखरेदीचे दीर्घ मुदतीचे, बऱ्याचदा पंचवीस वर्षांचे करार केलेले असतात. वीज उचलली नाही तरी केंद्राचा स्थिर आकार द्यावाच लागतो, वाचतो तो फक्त इंधनाचा खर्च. त्यात आपल्याकडची दररचना अशी, की वरच्या टप्प्यातला घरगुती ग्राहक, दुकानदार आणि कारखानदार जास्त दर भरतात आणि त्यावर लहान ग्राहकाचा व शेतीपंपाचा भार काही अंशी उचलला जातो. हा वरच्या टप्प्यातला ग्राहक काटकसरी झाला की कंपनीचं उत्पन्न घटतं, स्थिर खर्च तेवढाच राहतो, आणि पुढच्या दरवाढीत त्याचा वाटा ज्याने काहीच वाचवलेलं नाही, वाचवण्याजोगं ज्याच्याकडे नव्हतंच, त्याच्या बिलात येतो. दुसरं असं, की तुमचा पंखा बचतीचा कमी आणि खरेदीचा जास्त आहे. तो साध्या पंख्यापेक्षा बराच महाग पडतो. ज्याच्याकडे पैसे आहेत तो घेईल, आणि त्याचं बिल उतरेल. भाड्याच्या घरात पंखा आणि गीझर मालकाने लावलेले असतात, बिल भाडेकरू भरतो. मालकाला चांगलं उपकरण घेण्याचं कारण नाही आणि भाडेकरूला तो अधिकार नाही. बिल्डर पश्चिमेला काचेची भिंत उभी करतो आणि पुढची चाळीस वर्षं राहणारा माणूस एसीचं बिल भरत बसतो. यात नागरिकाच्या सद्गुणाचा प्रश्न येतो कुठे?

आग्रही : स्थिर आकार हा कालच्या अंदाजाचा दंड आहे. मागणी अमुक इतकी वाढेल असं धरून करार झाले, आणि म्हणून आज आपण न वापरलेल्या विजेचेही पैसे देतो. आज वाचवलेलं युनिट जुना करार रद्द करत नाही, पण पुढच्या कराराचा आकडा तेच ठरवतं. वीज केंद्रं, वाहिन्या, उपकेंद्रं ही वर्षभराच्या सरासरीसाठी उभारली जात नाहीत. मागणी सर्वांत वर जाते त्या मोजक्या तासांसाठी उभारली जातात. ३० मे २०२४ ला देशाची कमाल मागणी २५० गिगावॅटवर गेली. ते शिखर थोडं खाली ठेवता आलं तर एखादं केंद्र बांधावंच लागत नाही, आणि न बांधलेल्या केंद्राचा स्थिर आकार कुणालाच भरावा लागत नाही, गरिबालाही नाही. वाटणीतला अन्याय तुम्ही दाखवलात तो खरा आहे. पण तो दररचनेत दुरुस्त करायचा, उधळपट्टी चालू ठेवून नव्हे. सद्गुणाबद्दल म्हणाल, तर मीही त्यावर विसंबून नाही. २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना आली. सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केली, आणि आधी ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर उतरला. छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, कुणालाही शपथ न देता. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यात नवा फ्रिज सरासरीने वर्षाला सुमारे १८०० युनिट खात असे. आधी कॅलिफोर्नियाने, मग केंद्र सरकारने मानकं कडक करत नेली. २००१ नंतर तोच आकडा ५०० च्या जवळ आला, आणि दरम्यान फ्रिज मोठा झाला, महाग मात्र झाला नाही. आपल्याकडे २००६ मध्ये तारांकन सुरू झालं, आणि जवळजवळ प्रत्येक घरात असणारा पंखा सक्तीच्या तारांकनाखाली यायला २०२३ उजाडलं. मधल्या सतरा वर्षांत विकलेले पंखे अजून फिरताहेत. नियम करायला लागलेला उशीर घरांच्या बिलात असा मुक्कामाला येतो.

साशंक : आता माझा मोठा आक्षेप ऐका. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या कोळशाबद्दल दाखवून दिलं, की वाफेचं इंजिन सुधारलं, कमी कोळशात जास्त काम होऊ लागलं, आणि नेमक्या त्याच कारणाने कोळशाचा एकूण खप वाढला. स्वस्त झालेली शक्ती नव्या नव्या जागी वापरावीशी वाटली. आपल्याकडे वेगळं काय होतंय? दिवा स्वस्तात जळू लागला तेव्हा जिथे एक होता तिथे चार लागले, छताच्या कडेने पट्ट्या लागल्या, इमारतींच्या दर्शनी बाजू रात्रभर उजळू लागल्या. फ्रिज सुधारले, तसे अमेरिकेतल्या अनेक घरांत जुना फ्रिज फेकला न जाता गॅरेजमध्ये दुसरा म्हणून चालू राहिला. आता एसी घ्या. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्ये अंदाज केला, की २०५० पर्यंत भारतात शंभर कोटींहून अधिक एसी असतील. त्यातला प्रत्येक आजच्यापेक्षा उत्तम असला तरी बेरीज आजच्या कितीतरी पट होईल. एकेका यंत्राची बचत आणि समाजाचा एकूण वापर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढू शकतात. मग ज्याला तुम्ही फायदा म्हणता तो उरतो कुठे?

आग्रही : काही फायदा वापरात परत जातो, हे खरं. किती जातो, हे मोजता येतं. ब्रिटनच्या ऊर्जा संशोधन केंद्राने २००७ मध्ये उपलब्ध पुरावा तपासला, तेव्हा विकसित देशांतल्या घरगुती वापरात वाचलेल्यापैकी तीस टक्क्यांहून कमी ऊर्जा त्याच सेवेच्या वाढीव वापरात परत जाते, असं दिसलं. वाचलेल्या पैशातून दुसरीकडे होणारा खर्च धरला तर हा आकडा वाढतो, हेही मान्य. जेव्हन्सने पाहिलेली वाफेची शक्ती उद्योगांच्या मुळाशी होती. घरातल्या पंख्याची गोष्ट निराळी, कारण चार माणसांच्या घरात पंखा किती तास फिरेल याला मर्यादा असते. पण याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. एका खोलीत एक दिवा होता तिथे स्वयंपाकघरातही दुसरा लागला, आणि बाईला अंधारात भाकरी थापावी लागली नाही, तर मी त्याला बचतीचं अपयश म्हणणार नाही. त्याच युनिटांत अधिक माणसांचं जगणं सुसह्य झालं, हेही बचतीचंच फळ आहे. उन्हाची लाट आली की विदर्भात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तिथे ज्याच्याकडे आज कूलरही नाही, त्याला उद्या एसी मिळावा असंच मला वाटतं. मात्र तो मिळायचा असेल तर ज्याचा एसी अठरा अंशांवर चालतो त्याने तो चोवीसवर आणायला हवा. अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, आणि २०२० पासून नव्या तारांकित एसींवर चोवीस हेच सुरुवातीचं तापमान ठेवणं बंधनकारक आहे. पंखा सोबत चालू असेल तर सव्वीसही पुरतं. भिंती आणि खिडक्या नीट असतील, तर एसी लावण्याचे दिवसच कमी होतात. निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली, ती याचसाठी.

साशंक : तुम्ही आता आपणहून दोन वापर वेगळे केलेत : अंधाऱ्या स्वयंपाकघरातला दिवा आणि अठरा अंशांचा एसी. पण मीटरला हा फरक कळत नाही. बाजाराला तर मुळीच कळत नाही. ज्याच्या हातात पैसा त्याची गरज मोठी. आणि आता तर बचतीचं गणितच बदलतंय. सौर विजेमुळे दुपारी वीज मुबलक होऊ लागली आहे, ताण संध्याकाळी येतो. दुपारी एक वाजता वाचवलेल्या युनिटला फारसं मोल नाही, रात्री आठच्या युनिटला पुष्कळ. म्हणून घरांनाही वेळेनुसार दर लावण्याची पावलं पडताहेत : दिवसा सवलत, संध्याकाळी जादा आकार. कागदावर हे शहाणपणाचं आहे. पण दुपारी धुण्याचं यंत्र लावायला घरी असतं कोण? सकाळी सात वाजता लोकल पकडून रात्री आठला परतणारी बाई स्वयंपाक, धुणं, मुलांचा अभ्यास, उद्याचं गरम पाणी हे सगळं त्या दोन-तीन तासांतच करणार. तिची वेळ तिच्या हातात नाही. ज्याच्या घरी दिवसभर कामाला माणूस आहे, किंवा ज्याला घरबसल्या नोकरी करता येते, त्याला सवलत मिळेल आणि तिला दंड. बचतीचा शहाणा नियमसुद्धा माणसांच्या असमान दिवसावर जाऊन आदळतो.

आग्रही : ही गोष्ट मी टाळू शकत नाही, आणि टाळू इच्छितही नाही. पण वेळेची विषमता या दरांनी आणलेली नाही. ती आधीपासून आहे आणि तिची झळ दुसऱ्यांना बसत आली आहे. महाराष्ट्रातला शेतकरी वर्षानुवर्षं रात्री-अपरात्री पाणी द्यायला शेतात जातो, विंचू-सापाच्या आणि बिबट्याच्या भीतीत, कारण त्याच्या वाहिनीला पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री वीज मिळते. दिवसाची आणि संध्याकाळची वीज शहरांना आणि कारखान्यांना लागत होती, म्हणून शेतीची मागणी रात्रीत ढकलली गेली. सौर कृषी वाहिन्यांमुळे हे आता बदलू लागलंय. शहरातली संध्याकाळ किती वीज खाते, हा प्रश्न म्हणून कधीच खासगी नव्हता. आणि समाजाने ठरवलं तर शिखर खाली आणता येतं. मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानमध्ये अणुकेंद्रं बंद पडली, तेव्हा सरकारने तोक्यो आणि तोहोकू भागांत उन्हाळ्याची कमाल मागणी १५ टक्क्यांनी घटवण्याचं लक्ष्य ठेवलं. वाहन उद्योगाने गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवार काम केलं, कार्यालयांनी दिवे आणि वातानुकूलन कमी केलं, घरांनी आपापल्या परीने हातभार लावला. लक्ष्य गाठलं गेलं.

साशंक : जपानमध्येही सर्वांत मोठी घट मोठ्या ग्राहकांनी केली, कारण त्यांच्यावर कायद्याचं बंधन होतं, घरांचा वाटा सर्वांत कमी. आणि संकट सर्वांवर एकत्र कोसळलं होतं, म्हणून झळही सर्वांनी मिळून सोसली. आपल्याकडे तुटवडा आला तेव्हा काय झालं ते आठवा. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाला बारा-बारा तास भारनियमन होतं. मुंबईला जवळजवळ झळ नव्हती. ज्या भागात गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे वीज जास्त वेळ बंद. म्हणजे नियमित बिल भरणारा माणूसही शेजाऱ्यांनी चोरून तारेवर टाकलेल्या आकड्यांपायी अंधारात. ज्यांना परवडलं त्यांनी इन्व्हर्टर घेतले. वीज आली की सगळ्यांच्या बॅटऱ्या एकदम भरायला लागायच्या आणि भरण्या-उतरवण्यात बरीच वीज वाया जायची. त्या तुटवड्याने आपल्याला बचत शिकवली नाही; आपापली सोय करून घ्यायला शिकवलं.

आग्रही : त्याच काळातली दुसरी गोष्टही सांगायला हवी. महावितरणने तेव्हा ‘अक्षय प्रकाश योजना’ आणली. गावाने मिळून ठरवायचं : संध्याकाळच्या वेळी शेतीपंप, गिरणी यांसारखी जड यंत्रं लावायची नाहीत, तारेवर टाकलेले आकडे काढायचे, वाहिनीवरचा भार ठरलेल्या मर्यादेत ठेवायचा. त्याच्या बदल्यात त्या गावाला संध्याकाळच्या भारनियमनातून सूट मिळायची. मुलांना दिव्याखाली अभ्यास करता आला, चुलीपाशी उजेड आला. मला ही योजना महत्त्वाची वाटते ती तिच्या आकारामुळे नाही. सर्वसाधारण बचतीत वाचवणारा एक आणि लाभ कुणाचा ते अदृश्य. इथे वाचवलेलं युनिट त्याच संध्याकाळी, त्याच गावात परत आलं. माझ्या शेजाऱ्याने पंप लावला तर माझ्या घरातला दिवा जाईल, हे प्रत्येकाला दिसत होतं. तुम्ही बाजाराबद्दल आणि मीटरबद्दल म्हणालात, की त्यांना गरज आणि चैन यांतला फरक कळत नाही. गावाला तो कळला. पंप रात्री दहानंतर चालेल, दिवा मात्र आत्ता हवा, हा निवाडा माणसांनी एकत्र बसून केला. घरातल्या बचतीचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा हा : आपल्या वापराचा दुसऱ्याच्या वापराशी असलेला संबंध कळणं, आणि त्यावर बोलता येणं.

साशंक : हे उदाहरण मी मानतो, आणि त्यामुळेच माझा प्रश्न अधिक टोकदार होतो. तो निवाडा गावाने गावापुरता केला. त्या संध्याकाळी शहरातल्या कुणालाही, कुणाच्या दिव्यासाठी, काहीही बंद करावं लागलं नाही. ज्यांच्याकडे सर्वांत कमी वीज होती त्यांनीच आपापसात तिची वाटणी केली, आणि आपण त्याला आदर्श म्हणतोय. एका वाहिनीवर जे जमतं ते राज्यभर का जमत नाही? कारण गावात वाचवणारा आणि मिळवणारा एकमेकांना ओळखत होते. चंद्रपूरची राख आणि मुंबईचा एसी एकमेकांना ओळखत नाहीत. मी आता एवढं मान्य करतो, की घरातली बचत निरर्थक नाही. ती जागा मोकळी करते : धरणात, हवेत, वाहिनीत, पुढच्या करारात. पण मोकळी झालेली जागा कुणी भरायची हे ठरलेलं नसेल, तर ती ज्याची ऐपत जास्त तोच भरणार. म्हणून आधी वाटपाचा नियम हवा. वरच्या टप्प्याचे दर, इमारतींचे नियम, उपकरणांची मानकं, संध्याकाळच्या विजेवर पहिला हक्क कुणाचा, हे ठरवा. आणि मगच लोकांना दिवा बंद करायला सांगा.

आग्रही : आणि मी म्हणेन, की तो नियम आणणार कोण? ज्या समाजाने आपला वापर कधी मोजलाच नाही, तो दुसऱ्याच्या वापरावर मर्यादा मागू शकत नाही. मानकं कडक करा, काचेच्या भिंतींना परवानगी देऊ नका, अशी मागणी ज्यांना आपल्या बिलातली युनिटं कुठे जातात हे ठाऊक असतं तेच लावून धरतात. तुमचा क्रम आधी नियम, मग वर्तन असा आहे. माझा दोन्ही एकत्र, पण सुरुवात हातात आहे तिथून. तुमच्या क्रमात धोका असा, की नियमाची वाट पाहता पाहता पुढच्या वीस वर्षांचे पंखे, एसी आणि इमारती चुकीच्याच उभ्या राहतील. माझ्या क्रमातला धोका तुम्ही आधीच दाखवलाय : भलेपणाने वाचवणारे वाचवत राहतील, आणि वाचलेलं दुसराच कुणी उधळेल.

साशंक : मग आपल्यातला मतभेद बचत करावी की नाही हा राहिलेला नाही. पुरेसं म्हणजे किती, आणि ते कुणी कुणासाठी ठरवायचं, यावर तो येऊन थांबलाय. पंख्याचे वॅट मोजता येतात, कोळसा मोजता येतो. उन्हाच्या लाटेत कोणत्या खोलीतला गारवा ही गरज आणि कोणत्या खोलीतला चैन, हे मोजणारं यंत्र नाही. तो निवाडा दरपत्रकावर सोपवला तर श्रीमंतांच्या बाजूने झुकेल, आणि फक्त विवेकावर सोपवला तर हळव्या माणसांवरच लादला जाईल.

आग्रही : म्हणून तो निवाडा उघडपणे, नगरपालिकेत, वीज नियामक आयोगापुढच्या जनसुनावणीत, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत करावा लागेल, आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागेल. तिथे जाताना आपल्या घराचा हिशेब हातात असलेला माणूस मला हवाय. तुम्हाला तिथे आधी तो हिशेब विचारणारा नियम हवाय. यातलं कोणतं आधी येईल हे आपण दोघं इथे ठरवू शकत नाही. पण एकाविना दुसरं टिकणार नाही, एवढं आता दोघांनाही नाकारता येत नाही.